विसरण्याचे व्याख्यान

मराठी माणसाला व्याख्यानाचे व्यसन आहे. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला, तेव्हापासून उन्हाळा म्हटला की आंबा आणि व्याख्यान या दोन गोष्टी आपल्याला बरोबरच लागतात. विषय कोणताही चालतो. पहिल्या रांगेत डोळे मिटून 'चिंतन' करणारे गृहस्थ, ऐन रंगात आल्यावर पाणी प्यायला उठणारे, आणि शेवटी "मला एक छोटीशी शंका आहे" असे म्हणून स्वतःचेच दुसरे व्याख्यान लावून देणारे, ही मंडळी नसली तर वक्त्यालाही चुकल्याचुकल्यासारखे होत असेल. माझी गणना यांपैकी कोणत्या वर्गात करायची ते माझ्या घरच्यांना विचारावे.

अशा माणसाच्या हाती एखाद्या जुन्या व्याख्यानाची छापील प्रत पडली, की तो ती नुसती वाचत नाही. तो मनातल्या मनात सभागृह उभे करतो, खुर्ची धरतो आणि ऐकू लागतो. गेले काही महिने मी असाच एका परक्या सभागृहात जाऊन बसतो आहे. गाव पॅरिस, जागा सॉरबॉन, तारीख ११ मार्च १८८२. वक्ते अर्नेस्ट रनाँ. विषय : राष्ट्र म्हणजे काय?

हा रनाँ व्याख्यानाने एकदा पोळलेला माणूस. १८६२ साली हिब्रूचा प्राध्यापक म्हणून त्याने पहिलेच व्याख्यान दिले. त्यात येशूला देव न म्हणता, ज्याला तोड नाही असा मनुष्य म्हटले, आणि लागलीच त्याचा वर्ग बंद करण्यात आला. वीस वर्षांनी तो राष्ट्रावर बोलायला उभा राहिला तेव्हा फ्रान्सची जखम ओली होती. १८७१ च्या पराभवात आल्सेस आणि लोरेनचा काही भाग जर्मनीने घेतला होता. जर्मन पंडितांचे म्हणणे असे की तिथले लोक जर्मन बोलतात, वंशाने जर्मन आहेत, मग ते आमचेच. रनाँने एकेक खुंटी उपटायला सुरुवात केली. भाषेने राष्ट्र होते म्हणावे, तर स्वित्झर्लंडमध्ये तीन-चार भाषा सुखाने नांदतात, आणि इंग्लंड व अमेरिका एकच भाषा बोलूनही दोन राष्ट्रे आहेत. वंश म्हणावा तर शुद्ध वंश दाखवा कुठे आहे तो. धर्म, व्यापार, नद्या, डोंगर, काहीच पुरे पडत नाही. उरते ते एवढेच : लोकांच्या सामायिक आठवणी, आणि यापुढेही एकत्र राहायची त्यांची इच्छा. राष्ट्राचे असणे म्हणजे जणू रोजच्या रोज घेतले जाणारे मतदान, असे तो म्हणाला. हा भाग सर्वांना ठाऊक असतो. राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांना तो परीक्षेला येतो.

मी मात्र दुसऱ्याच एका जागी अडकून पडलो. सामायिक आठवणींची महती सांगायच्या आधीच रनाँ म्हणून गेला आहे, की राष्ट्र घडायला विसरणेही लागते. इतकेच नव्हे, तर इतिहास थोडा चुकीचा समजणेही लागते. म्हणून इतिहासाचे संशोधन पुढे गेले की राष्ट्रभावनेला धोका पोचतो, कारण प्रत्येक राष्ट्राच्या मुळाशी केलेल्या मारकाटीवर त्याने उजेड पडतो. आणि उदाहरण कोणते? तर प्रत्येक फ्रेंच नागरिकाने सेंट बार्थोलोम्यूची रात्र आणि तेराव्या शतकातले दक्षिणेकडचे कत्तलखाने विसरलेले असलेच पाहिजेत! सेंट बार्थोलोम्यूची रात्र म्हणजे ऑगस्ट १५७२. त्या रात्रीपासून पॅरिसमध्ये आणि मग गावोगाव कॅथलिकांनी प्रॉटेस्टंटांची कत्तल केली. हजारो माणसे मेली. दक्षिणेतली कत्तल त्याहून जुनी, पाखंड्यांविरुद्ध पुकारलेल्या धर्मयुद्धातली.

बेनेडिक्ट अँडरसन नावाचे राष्ट्रवादाचे मोठे अभ्यासक होऊन गेले. त्यांनी या ठिकाणची एक गंमत दाखवून दिली आहे. रनाँ सांगतो की हे विसरलेले असले पाहिजे, पण ती रात्र म्हणजे काय, कोणी कोणाला मारले, हे तो श्रोत्यांना समजावून देत नाही. नुसते नाव घेतो. म्हणजे समोर बसलेल्या प्रत्येकाला ते पाठ असणार, हे त्याने गृहीत धरलेले आहे. शाळेत शिकवलेले, तारखेसकट घोकलेले, आणि तरीही 'विसरलेले'! सुनेने सासूचे पहिल्या वर्षातले बोलणे विसरलेले असते ना, तसेच काहीसे हे विसरणे.

मला विचाराल तर हे विसरणे वाईट नाही. तीनशे वर्षांत मारणाऱ्यांचे आणि मरणाऱ्यांचे वंशज एकाच गल्लीत राहू लागले, एकाच शाळेत जाऊ लागले. घडले ते नाकारायची कोणाला गरज उरली नाही. दोघांनाही माहीत होते, आणि दोघांनी मिळून ते बाजूला ठेवले. विसरायला दोघे लागतात, ही यातली मेख आहे. रनाँने ती बोलून दाखवली नाही, पण त्याच व्याख्यानात दोन पावले अलीकडे तिची जागा आहे. फ्रान्समध्ये सगळे मिसळून गेले, हे सांगताना तो विरुद्ध बाजूचे उदाहरण म्हणून तुर्कस्तानकडे बोट दाखवतो. तिथे तुर्क, स्लाव्ह, ग्रीक, आर्मेनियन, अरब, कुर्द हे सारे, जिंकले गेले त्या दिवशी होते तितकेच आजही वेगळे आहेत, असे त्याचे निरीक्षण. श्रोत्यांनी माना डोलावल्या असतील. त्यानंतर तेहतीसच वर्षांनी त्या यादीतल्या एका नावाचे काय झाले, ते त्या सभागृहात कोणाच्या स्वप्नातही आले नसेल.

एव्हाना तुर्की साम्राज्य खिळखिळे झाले होते. १९०८ च्या क्रांतीने पुढे आलेल्या तरुण तुर्कांच्या 'ऐक्य आणि प्रगती' समितीकडे कारभार होता. १९१२-१३ च्या बाल्कन युद्धांत युरोपातला जवळजवळ सारा मुलूख गेला, तिकडून उखडलेले मुसलमान निर्वासित लोंढ्यांनी आले. पाठोपाठ महायुद्ध. आर्मेनियन लोक रशियाला फितूर होतील, हा संशय. २४ एप्रिल १९१५ च्या रात्री राजधानीतले आर्मेनियन लेखक, वकील, डॉक्टर, संपादक अशी दोनशेच्या वर माणसे घरातून उचलली गेली. त्यांतली बहुतेक परतली नाहीत. मेच्या अखेरीस हद्दपारीचा कायदा झाला. गावोगावच्या आर्मेनियन पुरुषांना वेगळे काढून मारले, आणि बायका, मुले, म्हातारी माणसे यांचे तांडे सिरियाच्या वाळवंटाकडे पायी हाकलले. मेलेल्यांचा आकडा सहा लाखांपासून पंधरा लाखांपर्यंत सांगितला जातो. पुष्कळ इतिहासकार दहा लाखांच्या आसपास किंवा वर जातात. अभ्यासकांपैकी बहुतेक त्याला वंशसंहार म्हणतात. माणसे मेली हे तुर्की सरकार मानते. तो शब्द मानत नाही.

या गोष्टीचा आपल्याशी काय संबंध, असे कोणी विचारील. शाळेत मला तुर्कस्तान भेटला तो खिलाफत चळवळीच्या धड्यात. आर्मेनियन हे नावसुद्धा त्यात नव्हते. पण संबंध आहे, आणि तोही पुण्याच्या नावाचा. २९ एप्रिल १९१६ रोजी मेसोपोटेमियात कुत-अल-अमारा येथे जनरल टाउनशेंडची उपाशी फौज तुर्कांना शरण गेली. सुमारे तेरा हजार माणसे. तिचे नाव सहावी पुणे डिव्हिजन, आणि तिच्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. शिपायांना वाळवंटातून पायी चालवत नेले, आणि पुष्कळ हिंदी कैद्यांना रास-अल-ऐन येथे बगदाद रेल्वेच्या कामाला जुंपले. हे रास-अल-ऐन म्हणजे आर्मेनियन तांड्यांच्या कत्तलीची एक मोठी जागा. बंगाल अॅम्ब्युलन्स कोअरमधले शिशिरप्रसाद सर्वाधिकारी त्या कैद्यांत होते. त्यांनी आपल्या आठवणी 'अभी ले बगदाद' या नावाने १९५७ साली बंगालीत छापल्या, आणि आर्मेनियनांची जी दशा त्यांनी पाहिली ती त्यांत नोंदली आहे. सातारा-रत्नागिरीकडच्या कित्येक गावांत संगमरवरी पाटी लावलेली असते : महायुद्धाला इतके गेले, पैकी इतके परतले नाहीत. जे परतले त्यांनी घरी काय सांगितले असेल, ते त्या घराच्या चुलीपाशीच राहिले.

आता विसरण्याकडे येतो. प्रथम सांगायला हवे की तुर्कस्तान सुरुवातीला विसरला नव्हता. युद्ध हरल्यावर १९१९ साली खुद्द इस्तंबुलात लष्करी न्यायालये बसली. साक्षी झाल्या, कागद पुढे आले, आणि गृहमंत्री तलात पाशा, एन्वर, जेमाल यांना त्यांच्या गैरहजेरीत फाशीची शिक्षा झाली. दोस्तांच्या धाकाने झाले म्हणा, पण झाले. तलात तोवर बर्लिनला पळाला होता. १५ मार्च १९२१ रोजी तेहलिरियन नावाच्या आर्मेनियन तरुणाने त्याला भर रस्त्यात गोळी घातली, आणि जर्मन ज्यूरीने त्या तरुणाला निर्दोष सोडले. पुढची गोष्ट ऐका. १९४३ साली त्याच तलातच्या अस्थी जर्मनीहून इस्तंबुलला सन्मानाने आणून स्मारकापाशी पुरल्या. फाशीच्या हुकमापासून स्मारकापर्यंत चोवीस वर्षे. विसरणे आपोआप होत नाही हो. त्यालाही कारकून लागतात, बजेट लागते.

आणि व्याख्यानही लागते. केमाल पाशांनी ऑक्टोबर १९२७ मध्ये अंकारा येथे पक्षाच्या परिषदेपुढे एक भाषण केले. सहा दिवस, सुमारे छत्तीस तास! आपल्या वसंत व्याख्यानमालेतल्या कसलेल्या श्रोत्यांनीसुद्धा तिथे हात टेकले असते. केमाल पाशांचे कर्तृत्व मी कमी लेखत नाही; मोडून पडलेला देश त्यांनी उभा केला. पण 'नुतुक' म्हणजे नुसते 'भाषण' या नावाने प्रसिद्ध असलेली ही राष्ट्राची कथा सुरू कुठे होते? १९ मे १९१९ रोजी ते सामसुन बंदरात उतरले, तिथे. म्हणजे राष्ट्राचा जन्म १९१५ च्या चार वर्षे पुढे. पुढल्याच वर्षी, १९२८ मध्ये, लिपी बदलली. अरबी जाऊन रोमन आली. साक्षरता वाढली यात शंका नाही, परंतु आजोबांची पत्रे नातवाला वाचता येईनाशी झाली. ज्यांच्या माळ्यावरच्या ट्रंकेत मोडीतल्या कागदांची चळत पडून आहे आणि घरात एकालाही त्यातली ओळ लागत नाही, त्यांना हे जास्त सांगायला नको.

अशा विसरण्यात चांगली माणसेही बुडतात. कोन्याचे गव्हर्नर जेलाल बे आणि कुताह्याचे फाइक अली बे यांनी हद्दपारीचे हुकूम पाळायचे नाकारले आणि हजारो आर्मेनियनांना आसरा दिला. दोघेही तुर्क. ज्यांचे पुतळे उभारावेत अशी ही माणसे. पण त्यांची गोष्ट सांगायची तर त्यांनी लोकांना कशापासून वाचवले तेही सांगावे लागते!

बर्लिनच्या त्या खटल्याची बातमी वाचून पोलंडमधला राफाएल लेमकिन हा विद्यार्थी आपल्या प्राध्यापकाला विचारता झाला, की एकाला मारणारा आरोपी, मग लाखोंना मारणाऱ्यावर खटला का नाही? प्राध्यापक म्हणाले, एखाद्या शेतकऱ्याने आपल्याच कोंबड्या मारल्या तर आपण मध्ये पडायचे काय कारण? लेमकिनला हे उत्तर जन्मभर डाचत राहिले. वंशसंहाराला आज जगभर वापरला जाणारा 'जेनोसाइड' हा शब्द १९४४ साली त्यानेच घडवला. तोवर त्याच्या स्वतःच्या आईवडिलांवर नाझींचा घाला पडला होता. १९४८ च्या डिसेंबरात संयुक्त राष्ट्रांनी त्या गुन्ह्याविरुद्धचा करार संमत केला. भारताने त्यावर १९५९ साली शिक्कामोर्तब केले.

पण शब्द सापडला म्हणून तो उच्चारायला सभागृह मिळतेच असे नाही. मे २००५ मध्ये इस्तंबुलातल्या तीन विद्यापीठांतल्या तुर्की प्राध्यापकांनी साम्राज्याच्या अखेरच्या काळातील आर्मेनियन या विषयावर परिषद ठरवली. कायदेमंत्री जेमिल चिचेक संसदेत उठले आणि म्हणाले, हे पाठीत सुरा खुपसणे आहे. परिषद पुढे ढकलली. सप्टेंबरात पुन्हा ठरली, तर आदल्या दिवशी न्यायालयाची मनाई आली. आता इथे विद्वानांनी जी युक्ती केली ती पाहून आमच्या एखाद्या मुरलेल्या चिटणिसाचे डोळे पाणावतील. मनाई होती बोआझिची आणि साबांजी या दोन विद्यापीठांना. तिसऱ्या बिल्गी विद्यापीठाचे नाव हुकमात नव्हते. परिषद तिथे हलवली! २४ आणि २५ सप्टेंबरला दाराबाहेर घोषणा चालल्या होत्या, अंडी आणि टोमॅटो फेकले जात होते, आणि आत तुर्कस्तानच्या भूमीवर प्रथमच या विषयावर उघड, सरकारी चौकटीबाहेरची चर्चा चालली होती.

त्या परिषदेत ह्रान्त दिंक बोलले. ते तुर्कस्तानचेच नागरिक, जातीने आर्मेनियन, इस्तंबुलच्या अनाथाश्रमात वाढलेले. १९९६ पासून तुर्की आणि आर्मेनियन अशा दोन्ही भाषांत 'आगोस' नावाचे साप्ताहिक चालवीत. त्यांनी प्रबंध वाचला नाही. एक हकिकत सांगितली. सिवास प्रांतातल्या एका खेड्यातून एका तुर्क म्हाताऱ्याचा त्यांना फोन आला, की इथे एक आर्मेनियन आजी वारली आहे, तिचे कोणी नातलग सापडतात का पाहा. दिंकनी दहा मिनिटांत मुलीला शोधून काढले. आर्मेनियन उरलेत किती, की वेळ लागावा! मुलगी म्हणाली, हो, ती माझी आई. ती फ्रान्सला राहते, पण अधूनमधून येते आणि थेट आपल्या जुन्या गावी जाते. मुलगी प्रेत आणायला गेली. तिथून तिचा फोन आला तो रडत. दिंकना वाटले, त्या म्हाताऱ्याने तिचा काही अपमान केला. त्यांनी त्यालाच फोनवर घेऊन विचारले. तो म्हणाला, मी काही वावगे बोललो नाही. मी एवढेच म्हटले, की पोरी, आई तुझी आहे, न्यायची तर ने. पण माझे ऐकशील तर तिला इथेच राहू दे, पाण्याला त्याची भेग सापडली आहे. ही हकिकत सांगून दिंक म्हणाले, की होय, या जमिनीवर आमचा डोळा आहे. पण ती घेऊन जाण्यासाठी नव्हे, तिच्या पोटात पुरले जाण्यासाठी.

तिकडे फ्रान्समध्ये १९१५ चा वंशसंहार नाकारणाऱ्याला शिक्षा देण्याचा कायदा घाटत होता. २००६ साली प्रतिनिधिगृहाने तो मंजूरही केला. दिंकना आनंद व्हावा की नाही? ते म्हणाले, असा कायदा झाला तर मी फ्रान्सला जाईन आणि माझ्या मनाविरुद्ध, असे काही झालेच नाही, असे जाहीरपणे म्हणून तो मोडीन. एका देशात बोललो म्हणून माझ्यावर खटला आणि दुसऱ्यात बोलला नाही म्हणून दुसऱ्यावर खटला, हे त्यांना सारखेच वाटले. मला हा माणूस रनाँपेक्षा मोठा वाटतो. आठवण ही हुकमाने पुसता येत नाही, तशी हुकमाने लावताही येत नाही, हे ज्याने सर्वांत जास्त सोसले त्यालाच कळावे! आपल्या देशात तुर्कत्वाचा अपमान केल्याबद्दल त्यांना शिक्षा झालेलीच होती. १९ जानेवारी २००७ रोजी भर दुपारी 'आगोस'च्या कचेरीबाहेर एका सतरा वर्षांच्या पोराने त्यांना गोळ्या घातल्या. अंत्ययात्रेला सुमारे लाखभर माणसे होती. हातात फलक, त्यावर लिहिलेले की आम्ही सगळे आर्मेनियन आहोत. धरणारे बहुतेक तुर्क.

आता शेवटचे एक सांगतो, ते स्त्रीवाचकांनी अवश्य लक्षात घ्यावे, कारण जे विद्यापीठांनी जपले नाही ते बहुतेक वेळा स्वयंपाकघरात सापडते. फेथिये चेतिन या तुर्कस्तानातल्या वकीलबाई. त्यांची आजी सेहेर, चारचौघींसारखी नमाजी मुसलमान गृहिणी. एक दिवस आजीने नातीला जवळ बसवून सांगितले की माझे खरे नाव हेरानुश. हद्दपारीच्या वाटेवर एका हवालदाराने तिला आईच्या हातातून काढून घेतले आणि मुलगी म्हणून वाढवले. आई वाचली आणि पुढे अमेरिकेत वडिलांकडे पोचली. माझी माणसे शोधून दे, एवढेच आजीचे मागणे. २००० साली आजी वारली तेव्हा नातीने 'आगोस'मध्ये मृत्यूची बातमी दिली, तीत आजीची दोन्ही नावे घातली, आणि त्या छोट्या मजकुरामुळे अमेरिकेतले आप्त सापडले. २००४ साली तिने हे सारे पुस्तकात लिहिले.

त्या पुस्तकात एक आठवण आहे. लहानपणी वर्षातल्या काही ठराविक दिवशी आजी तिला घेऊन ओळखीच्या बायकांकडे जाई. आपल्याकडे दिवाळीचे ताट शेजारी जाते, तसे तिथे घरोघर चोरेक नावाची वेणी घातलेली गोड पोळी पुढे येई. कोणत्या सणाची ते कोणी बोलत नसे. त्या बायका कोण होत्या, आणि ते दिवस ईस्टरचे होते, हे नातीला कळले तेव्हा ती चांगली मोठी झाली होती. त्या घरांतले पुरुष ती पोळी खात आणि छान झाली आहे म्हणत.